मैत्री दिल्ली-ढाक्याची, झळ पऱ्हाटीला



कापसाच्या भावावर गावोगाव बैठका चालल्या आहेत. अशाच एका बैठकीत एक कार्यकर्ता सांगत होता की, एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने आपले सूत जमिनीच्या रस्त्याने घेणे बंद केले आणि महिनाभराने आपल्या सरकारने त्यांचे तयार कपडे अडवले. हे ऐकून मागच्या रांगेतले एक म्हातारे शेतकरी उठले. म्हणाले, "एकाहत्तर साली आम्ही पाकिटावर पाच पैशांचे जादा तिकीट लावत होतो, ते ह्याच बांगलादेशाच्या लोकांसाठी ना? मग आता भांडण कशाचे? आणि भांडण त्यांचे-त्यांचे असेल, तर माझ्या पऱ्हाटीने कोणाचे काय बिघडवले?"

कार्यकर्त्याला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर मलाही त्या वेळी सुचले नाही. जिल्हा मेळाव्याच्या निमित्ताने ते आता देण्याचा प्रयत्न करतो.

बाबांची आठवण पक्की आहे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या आसपास माणसे जीव मुठीत धरून आपल्या देशात आली. त्यांच्या खाण्याराहण्याच्या खर्चासाठी त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून टपालावर 'रिफ्यूजी रिलीफ'चे पाच पैशांचे तिकीट लावावे लागे. आपल्याकडे तेव्हा पाऊस दगा देऊ लागला होता, पुढचे १९७२ साल तर कोणी विसरूच शकत नाही. तरी त्या पाच पैशांबद्दल कोणी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही. १६ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी फौजेने ढाक्यात शरणागती पत्करली, नवा देश उभा राहिला आणि मार्च १९७२ मध्ये दोन्ही देशांनी पंचवीस वर्षांचा मैत्रीचा करार केला. देशादेशांत मैत्री म्हणतात ती ह्याहून घट्ट क्वचितच होते.

मनाचे नाते तर त्याच्याही आधीचे. दोन देशांची राष्ट्रगीते एकाच माणसाची, रवींद्रनाथ टागोरांची. आपले 'जन गण मन' आणि त्यांचे 'आमार सोनार बांगला'. हे दुसरे गीत टागोरांनी १९०५ च्या वंगभंगाच्या वेळी लिहिले. टागोरांची नोबेल पारितोषिकाची गोष्ट शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. पण त्या पैशाचे पुढे काय झाले हे शाळेत सांगत नाहीत. टागोर घराण्याची जमीनदारी आजच्या बांगलादेशात होती. तिथे पतिसर नावाच्या गावी, कुळे सावकाराच्या तावडीतून सुटावीत म्हणून त्यांनी १९०५ मध्ये शेतकऱ्यांसाठी बँक काढली होती. नोबेलची रक्कम त्यांनी ह्या बँकेत ठेवली. पुढे कर्जे वसूल झाली नाहीत आणि बँक बुडाली. कवीची बँक असो की जिल्ह्याची, शेती तोट्यात असली म्हणजे तिचे हेच होते.

आपल्याशी थेट नातेही आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांच्या वसाहती आपल्या गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा-चामोर्शीकडे आहेत. धान पिकवणारी ही माणसे घरात बंगाली बोलतात आणि बाजारात मराठी.

मनाचे नाते असे. पण शेतकऱ्याला देशादेशांची मैत्री गीतांतून कळत नाही. त्याला दुसऱ्या देशाशी असलेले नाते एकाच ठिकाणी कळते, बाजार समितीच्या आवारात, बोली लागते तेव्हा. आणि त्या हिशेबाने बांगलादेश आपला कोण लागतो? बांगलादेश आपले गिऱ्हाईक आहे. शेजारच्या आळीतले, कायमची गरज असलेले गिऱ्हाईक. त्या देशात माणसे दाट, जमीन थोडी, आणि जी आहे ती धानाला लागते. कापूस त्यांच्याकडे जेमतेम पिकतो. पण परदेशाला ते जे विकतात त्यातला पाचातला चार हिस्सा तयार कपड्यांचा आहे. अमेरिकेच्या आणि युरोपच्या दुकानांतून लटकणारे सदरे-पाटलोणी शिवायला लागणारी रुई त्यांना जवळजवळ सगळीच्या सगळी आणि सूतही बरेचसे बाहेरून आणावे लागते. आणि त्यांच्याशी चार हजार किलोमीटरहून लांब सरहद्द असलेला देश कापूस पिकवतो. एकाच्या घरी दूध नाही आणि दुसऱ्याच्या दारात म्हैस आहे, असा हा मामला. मध्ये सरकार नावाचा प्राणी नसता तर ह्या दोघांत भांडण व्हायला जागाच नव्हती.

हे काही आजचे नाही. १९४७ ला दिल्लीच्या टेबलावर नकाशा फाडला गेला, तेव्हा ताग पिकवणारा मोठा मुलूख पूर्व बंगालात गेला आणि तागाच्या सगळ्या गिरण्या हुगळीच्या काठी कलकत्त्याला राहिल्या. पूर्व बंगालात एकही गिरणी नव्हती. कापसाचेही तसेच. सिंध आणि पश्चिम पंजाबचा लांब धाग्याचा कापूस तिकडे, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या इकडे. तरी पहिली दोन वर्षे माल कसाबसा हलत होता. सप्टेंबर १९४९ मध्ये आपल्या सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. पाकिस्तानने आपल्या रुपयाचे केले नाही. म्हणजे त्यांच्या शंभर रुपयांना आपले १४४ रुपये मोजायची पाळी आली. दिल्लीने हा दर मानायला नकार दिला. व्यापार ठप्प झाला.

आता बघा, भांडण होते दोन अर्थमंत्र्यांचे, दोन नोटांच्या किमतीचे. अडकला कोण? पूर्व बंगालचा ताग पिकवणारा शेतकरी. त्याचा ताग कापून, कुजवून, धुऊन तयार होता. गिऱ्हाईक नदीच्या खालच्या अंगाला होते. आणि मध्ये एक रेघ. घेणारा दुसरा कोणी नाही म्हटल्यावर भावाचे काय होते हे तुम्हाला सांगायची गरज नाही. इकडे कलकत्त्याच्या गिरण्यांना ताग पुरेना. मग दिल्लीने पश्चिम बंगाल, आसाम, बिहारात भाताच्या जमिनीवर ताग लावायला लावले, आणि तिकडे पाकिस्तानने नारायणगंजला स्वतःची मोठी आदमजी गिरणी उभी केली. फेब्रुवारी १९५१ मध्ये दिल्लीने शेवटी तोच दर मान्य केला जो आधी मानायचा नव्हता. पण तोवर दोन्हीकडे नको ती खटाटोप होऊन बसली होती. ती आदमजी गिरणी पुढे सरकारी झाली, तोट्यात गेली आणि २००२ मध्ये बंद पडली.

सरहद्द म्हणजे काय हे समजून घ्यायला आपल्याला इतक्या लांब जायलाही नको. कापूस एकाधिकार खरेदी आली १९७२ साली. तेव्हापासून कितीतरी वर्षे आपला कापूस आदिलाबादला किंवा मध्य प्रदेशात नेणे हा गुन्हा होता. रात्री बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून नाल्यातून गाड्या पार करणारे लोक ह्या सभेत आजही बसलेले असतील. आपल्याच देशात, आपल्याच मालाचे आपण चोर ठरलो होतो. म्हणून पेट्रापोल-बेनापोलच्या नाक्यावर ट्रक अडवला असे वाचले की वऱ्हाडातल्या माणसाला ते परके वाटत नाही.

आता अलीकडचे. १९ एप्रिल २०१० ला सरकारने कापूस निर्यातीची नोंदणी थांबवली. पुढच्या हंगामाला ५५ लाख गाठींची मर्यादा घातली. नेमक्या त्याच हंगामात जगाच्या बाजारात कापूस असा चढला की मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला. इतका भाव कोणी कधी पाहिला नव्हता. जगाची पेठ पेटलेली असताना आपल्या गोदामाला दिल्लीचे कुलूप होते. कुलूप कोणासाठी? सूतगिरण्यांना रुई स्वस्त मिळावी म्हणून. ह्याला म्हणतात उणे सबसिडी. सरकार शेतकऱ्याच्या खिशातून काढते आणि गिरणीला देते, आणि अंदाजपत्रकात ह्याचा एक आकडासुद्धा कुठे दिसत नाही.

२०१२ चे तर मी डोळ्यांनी पाहिले. ५ मार्च, सोमवार. होळी दोन दिवसांवर. सणासाठी, लग्नासाठी, सोसायटीच्या हप्त्यासाठी लोकांनी राखून ठेवलेला कापूस बाहेर काढला होता. आमच्या तालुक्याच्या आवारात दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाड्यांची रांग लागली. व्यापारी आले, चहा प्यायले, गाड्यांतला कापूस हातात घेऊन धागा ओढून पाहिला आणि पुन्हा चहा प्यायला गेले. बोली लागेना. दुपारी कळले की दिल्लीने आदल्या दिवशी निर्यातबंदीचा हुकूम काढला आहे. संध्याकाळी ज्यांना थांबणे शक्यच नव्हते त्यांनी मागेल त्या भावाने कापूस घातला. बाकीचे गाड्या परत घेऊन गेले. त्या वर्षी आमची होळी सरकारने दोन दिवस आधीच पेटवली.

देशाचे कृषिमंत्री शरद पवार. ह्या निर्णयात आपल्याला विचारले नाही असे ते उघड बोलले. गुजरातचे त्या वेळचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी पंतप्रधानांना विरोधाचे पत्र पाठवले. १२ मार्चला बंदी मागे घेत असल्याचे जाहीर झाले. एक आठवडा. एक आठवड्याने काय होते, असे शहरातल्या माणसाला वाटेल. ज्याने त्या आठवड्यात गाडी खाली केली त्याचे वर्ष त्या आठवड्यात गेले. आणि तिकडे ढाक्याच्या, नारायणगंजच्या गिरणीवाल्याने काय शिकून घेतले? हा शेजारी भरवशाचा नाही, हे. दोन वर्षांत दोनदा ज्याने शटर ओढले त्याच्या दुकानावर कोणी संसार चालवत नाही. त्यांनी पश्चिम आफ्रिकेशी व्यवहार वाढवला, ब्राझीलशी वाढवला. ब्राझीलचा कापूस अर्धे जग पालथे घालून चितगावच्या बंदरात उतरतो आणि गिरणीवाला तो घेतो. मालाच्या भावाइतकीच किंमत माल वेळेवर येईल ह्या खात्रीला असते. हे खेड्यातल्या किराणा दुकानदाराला कळते, दिल्लीच्या व्यापार मंत्रालयाला कळले नाही.

कांद्याचे हेच, आणि जास्त वाईट. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी आली. लगेच ऑक्टोबरात बांगलादेशाच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या होत्या. पाहुण्या बाई भर सभेत हसत हसत म्हणाल्या की आधी सांगितले असते तर बरे झाले असते, मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा घालू नको असे सांगितले आहे. सभेत हशा पिकला. लासलगाव-चाकणच्या शेतकऱ्याला त्यात हसण्यासारखे काही नव्हते. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, तीही अशी अचानक की सरहद्दीवर उभ्या ट्रकांत कांदा सडला. ८ डिसेंबर २०२३ पासून ४ मे २०२४ पर्यंत पुन्हा. आणि ह्या तिसऱ्या खेपेला एक नवीन प्रकार झाला. बंदी चालू असतानाच बांगलादेशाला ५० हजार टन कांदा द्यायचे ठरले, पण तो सरकारने उभ्या केलेल्या सहकारी निर्यात संस्थेमार्फतच. म्हणजे मैत्री निभवायची सरकारने, श्रेय घ्यायचे सरकारने, आणि कांदा कोणाचा? बांगलादेशाने दरम्यान म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानकडून कांदा आणला आणि स्वतःकडे पाबना-फरीदपूरला लागवड वाढवली. तिथल्या शेतकऱ्याला त्यामुळे चार पैसे मिळाले असतील तर मला त्याचे वाईट वाटत नाही. तोही आपलाच भाऊ. वाईट वाटते ते आपले गिऱ्हाईक आपल्याच सरकारने हाकलून दिल्याचे.

बांगलादेशचे सरकार फार सज्जन आहे असेही नाही. वरुड-मोर्शीची संत्री तिकडे ट्रकांनी जात. त्यांनी २०१९ नंतर आयातकर टप्प्याटप्प्याने असा वाढवत नेला की बागायतदाराला झाडावरचे फळ उतरवणेही परवडेना. सरकार ढाक्याचे असो की दिल्लीचे, शेतकऱ्याच्या बाबतीत दोघांचा गुरू एकच दिसतो.

मग आले २०२४. ऑगस्टमध्ये तिथे लोकांचा उठाव झाला, शेख हसीना देश सोडून भारतात आल्या आणि दोन्ही राजधान्यांत तोंडे फिरली. ह्या राजकारणात कोण बरोबर, कोण चूक, हा ह्या लेखाचा विषय नाही. आपला विषय पुढे काय झाले हा. ८ एप्रिल २०२५ ला दिल्लीने त्यांच्या मालाला आपल्या विमानतळ-बंदरांवरून तिसऱ्या देशात जाण्याची सवलत काढून घेतली. पाच दिवसांनी, १३ एप्रिलला, ढाक्याने आपले सूत जमिनीवरच्या नाक्यांतून घेणे बंद केले. तिथल्या गिरण्यांना स्वस्त सुतापासून वाचवायचे, असे कारण दिले. १७ मेला दिल्लीने हुकूम काढला की त्यांचे तयार कपडे आता फक्त कलकत्ता आणि न्हावा शेवा ह्या बंदरांतूनच येतील. २७ जूनला तागाच्या मालाचे तसेच केले, आणि तो तर फक्त न्हावा शेवालाच.

हे नकाशावर बघा म्हणजे गंमत कळेल. बांगलादेशाचे पोते कलकत्त्याला यायचे तर ते ट्रकने येते, मध्ये एक नाका. आता ते चितगावला जहाजात चढणार, बंगालचा उपसागर उतरणार, श्रीलंकेला वळसा घालून रायगड जिल्ह्यात उरणजवळ उतरणार आणि तिथून पुन्हा कलकत्त्याला. शेजारणीकडून विरजण आणायला पंढरपूरमार्गे जावे तसे. आणि जुलै २०२५ मध्ये, म्हणजे हे सगळे नाके आवळून झाल्यावर, ढाक्याच्या सरकारने आपल्या पंतप्रधानांना हजार किलो हाडीभांगा आंबे भेट पाठवले. ते आंबे मात्र विनासायास पोचले. सुताला दार बंद, आंब्याला दार उघडे.

तुम्ही म्हणाल, सूत बंद झाले, कपडे बंद झाले, आम्ही तर कापूस विकतो. पण आपल्या सुताचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक बांगलादेशच आहे. सूतगिरणीच्या गोदामात माल तुंबला की ती रुई घेताना हात आखडते, जिनिंगवाला कापूस घेताना हात आखडतो, आणि ही साखळी शेवटी जिथे संपते तिथे तुम्ही गाडी घेऊन उभे असता. साखळीतला प्रत्येक जण आपला तोटा खाली ढकलतो. तुमच्या खाली फक्त जमीन आहे.

एक आक्षेप खरा आहे, तो टाळायचा नाही. २०११-१२ मध्ये आपण सव्वाशे लाखांवर गाठी बाहेर पाठवल्या. २०२४-२५ मध्ये आपली आयातच निर्यातीपेक्षा जास्त झाली. म्हणजे आता विकायला कापूसच उरला नाही, मग बांगलादेश घेवो न घेवो, असे काही विद्वान म्हणतात. कापूस का उरला नाही? बियाण्याचे नवे तंत्र अडवून ठेवले, बोंडअळीने घात केला, भाव पडले आणि लोक सोयाबीनकडे गेले. ज्या मालाला बाहेरचा बाजार उघडा राहील अशी खात्री नाही त्यात कोण पैसा घालील? दहा वर्षे दुकान आत-बाहेर बंद-उघड करायचे आणि मग म्हणायचे, माल कमी झाला.

आणि आयातीची गोष्ट निघालीच आहे तर मैत्रीचा दुसरा मासला सांगतो. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला. कापड गिरण्यांना झळ बसू नये म्हणून आपल्या सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचा ११ टक्के आयातकर उठवला; आधी सप्टेंबरअखेर, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमकी आपली वेचणी आणि विक्री ज्या महिन्यांत, ते महिने. हमीभाव जाहीर होता लांब धाग्याला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१०. बाजार त्याच्या खालीच राहिला. अमेरिकेचा राग गिरणीवर, गिरणीचा भार सरकारवर आणि सरकारचा भार कापूसवाल्यावर. त्याच वर्षी अमेरिकेने बांगलादेशावर २० टक्के कर ठेवला, आणि कपड्यात निदान पाचवा हिस्सा अमेरिकेचा माल असेल तर तेवढ्या हिश्शावर हा कर नाही, अशी सवलत ठेवली. म्हणजे आपल्या शेजारच्या गिऱ्हाइकाने अमेरिकेचा कापूस घ्यावा ह्याची तजवीज. अमेरिकन सरकार आपल्या शेतकऱ्याचा कापूस विकायला जगभर भांडते. आपले सरकार आपला कापूस विकला जाऊ नये म्हणून भांडले आहे.

ज्वारीवाल्यांनी ह्यात आपण सुटलो असे समजू नये. अमेरिकेच्या मैत्रीचा पहिला प्रसाद ज्वारीलाच मिळाला होता. ऑगस्ट १९५६ मध्ये पी. एल. ४८० चा करार झाला, गव्हाची जहाजे लागली, मागाहून रेशनच्या दुकानांत मिलो नावाची तांबडी ज्वारी आली. फुकटाच्या मोलाचे धान्य बाजारात ओतल्यावर कोरडवाहूच्या ज्वारीला भाव कुठून यायचा? त्या पोत्यांतून गाजरगवत आले असे लोक म्हणतात. करार संपला, धान्य खाऊन झाले, गाजरगवत बांधावर अजून आहे.

तरुण मंडळींपैकी काही जण म्हणतात, "देशाच्या इज्जतीचा प्रश्न असेल तर थोडा तोटा सोसला पाहिजे, बांगलादेशाला धडा शिकवला पाहिजे." तोटा सोसायला शेतकरी कधी मागे हटलेला नाही, पाच पैशांचे तिकीट त्याने लावलेच होते, आणि फौजेत पोरे त्याचीच जातात. पण ते पाच पैसे सगळ्यांनी भरले, शहरातल्यांनी आणि खेड्यातल्यांनी. आताचा धडा शिकवायची फी एकटा कोरडवाहू शेतकरी भरतो आणि धडा ब्राझीलचा शेतकरी पास होतो. दिल्लीला खरोखर राग आला असेल तर वकिलातीतली माणसे कमी करा, मेजवान्या बंद करा, क्रिकेटचे सामने बंद करा. कापसाची गाठ ही काही राजदूत नव्हे.

रुळावर आणायचे म्हटले तर मार्ग माहीत नाही असेही नाही. मेघालयात गारो टेकड्या आहेत. तिथले गारो लोक पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात कापूस पिकवत आणि पायथ्याच्या हाटात मैमनसिंगच्या व्यापाऱ्यांना देऊन मीठ, सुकी मासळी घेऊन जात. देशांच्या रेघा ओढल्या गेल्या आणि हाट मोडले. जुलै २०११ मध्ये त्याच भागात कालाईचर-बालियामारीला, अगदी सरहद्दीच्या रेघेवर, दोन्ही सरकारांनी मिळून हाट पुन्हा बसवला. दोन्हीकडच्या जवळपासच्या गावांतल्या लोकांनी आठवड्याच्या ठरल्या दिवशी यायचे, आपली भाजी, फळे, मसाले, लुंग्या-गमछे विकायचे, दोन्ही देशांचे पैसे चालायचे, जकात नाही. पुढे मेघालयात आणि त्रिपुरात आणखी असे हाट निघाले. करोनाच्या साथीत २०२० ला ते बंद झाले ही गोष्ट वेगळी. पण नऊ वर्षे त्या रेघेवर माणसे बसून भाव करत होती आणि आभाळ कोसळले नाही. त्या हाटाला अटी भरपूर होत्या, खरेदीची मर्यादा होती, शिपाई उभे होते. तरी माझ्या मते ढाक्याला आणि दिल्लीला झालेल्या सगळ्या मेजवान्यांपेक्षा तो एक हाट मोलाचा.

बाबांना उत्तर द्यायचे तर ते असे. भांडण तुमचे नाही, त्यांचे. तुमच्या पऱ्हाटीचा गुन्हा एवढाच की तिचे दार उघडायची किल्ली दोन राजधान्यांत ठेवलेली आहे आणि तुमच्याकडे नाही. राग आला की ते दार लावतात, प्रेम आले की उघडतात.

म्हणून जिल्हा मेळाव्यात ठरावासाठी पुढील मसुदा मांडायचा आहे. कापूस, सरकी, सूत आणि कांदा यांची निर्यात कोणत्याही कारणाने, शेजाऱ्याशी बेबनाव झाला ह्या कारणानेही, हंगामाच्या मध्यावर बंद करू नये. बंद करायचीच असेल तर करार झालेला माल आणि नाक्यावर उभा असलेला माल सोडून द्यावा, आणि बंदीच्या हुकमाच्या आदल्या दिवशीचा भाव व नंतरचा भाव यांतला फरक सरकारने शेतकऱ्याला रोख भरून द्यावा. आयातकर उठवायचा तर वेचणीच्या महिन्यांत उठवू नये. बांगलादेशाशी पुढे जी काही बोलणी होतील त्यांत सुताचे आणि कापसाचे नाके उघडणे हे पहिल्या कलमात असावे, आंब्यांच्या नंतर नव्हे.

मसुद्यात भर घालायची असेल त्यांनी तालुका कार्यकर्त्यांकडे आधी कळवावे. ज्यांच्याकडे मार्च २०१२ च्या त्या आठवड्यातल्या काटापट्ट्या आणि हिशेबपट्ट्या अजून जपलेल्या असतील त्यांनी त्या मेळाव्याला जरूर आणाव्यात. ५ तारखेच्या आधीची एक आणि नंतरची एक अशी जोडी मिळाली तर उत्तम; ठरावाला त्या जोडून पाठवायच्या आहेत.